शाळा चालली पंढरपूरला : आमच्या गावातला अनुभव

आमची जिल्हा परिषदेची शाळा सासवडजवळच्या एका छोट्या गावात आहे. पहिली ते चौथी, पट नव्वदच्या आसपास. शाळा व्यवस्थापन समितीत पालक म्हणून आल्यापासून मला एक गोष्ट खटकत होती. सगळ्या वस्त्या शाळेपासून किलोमीटरभराच्या आत आहेत, तरी निम्मी मुलं मोटारसायकलवर येतात. एक पोर पुढे टाकीवर, दोन मागे. शाळा भरायच्या वेळी फाटकापाशी गाड्यांची अशी दाटी होते की चालत येणाऱ्या लेकरांनाच जागा उरत नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर महिनाभर सगळ्या शाळेनं चालायचं, असं मी बैठकीत मांडलं. मुख्याध्यापिका बाईंचा पहिला प्रश्न नोंदींचा होता. शिक्षकांच्या मागे माहिती भरायची कामं आधीच ढीगभर, त्यात आणखी एक वही नको. त्यांचं म्हणणं अगदी रास्त होतं. म्हणून बेरजा, तक्ते, नकाशा हे सगळं पालकांनी बघायचं आणि वर्गात फक्त मुलांनी घरून भरून आणलेली चालण्याच्या नोंदींची कार्डं गोळा व्हायची, असं ठरलं.

मोजायचं काय, यावर मात्र बराच वेळ गेला. एका तरुण पालकांनी मोबाइलवर पावलं मोजायचं सुचवलं, रोज दहा हजार. हा दहा हजारांचा आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला, तो काही लहान मुलांसाठी ठरवलेला नाही. शिवाय पहिलीतल्या पोराच्या खिशात मोबाइल कोण देणार? आणि लहान पायांची पावलं जास्त पडतात, म्हणजे तेवढ्याच रस्त्याला पहिलीचे आकडे चौथीपेक्षा मोठे दिसणार. म्हणून मिनिटं धरली. पंधरा मिनिटं म्हणजे एक किलोमीटर, आणि एका दिवसाला जास्तीत जास्त साठ मिनिटं. ही मर्यादा फार उपयोगाची ठरली. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी रोज सरासरी साठ मिनिटांची हालचाल सांगते, त्यामुळे ती पालकांना पटलीही, आणि कार्डावर तीन-तीन तास लिहून आणायचा मोहही राहिला नाही. आमच्या एका मुलीला कुबडीशिवाय चालता येत नाही. मिनिटांच्या हिशेबात तिची पंधरा मिनिटं इतरांइतकीच भरली.

चाललेले किलोमीटर नकाशावरच्या एखाद्या रस्त्यानं पुढे सरकवायचे होते. तो रस्ता कोणता घ्यायचा, यावर वाद झालाच नाही. माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला मुक्कामी येते, ती इथल्या प्रत्येक मुलानं पाहिलेली असते. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. सगळ्यांचे किलोमीटर नुसते मिळवले असते तर शाळा दोन दिवसांत पंढरपुरात पोचली असती. म्हणून प्रत्येक वर्गाची रोजची सरासरी काढायची आणि त्या सरासऱ्या मिळवून नकाशावर पुढे सरकायचं. चार वर्ग आणि पाचवा वर्ग घरच्यांचा. प्रत्येकाचे दोन-दोन किलोमीटर धरले तर दिवसाला दहा, म्हणजे रविवार सोडून महिन्याभराचं काम. चौथीची मुलं सरासरी याच निमित्तानं शिकली, आणि कार्ड विसरलेल्या मुलाला वर्गमित्रच आठवण करू लागले.

घरच्यांचा वर्ग सुरुवातीला नव्हता. पालकसभेत एक मावशी उठून म्हणाल्या, "ताई, आम्ही वाटाणा तोडायला लांबच्या रानात चालतच जातो की. ते धरणार का नाही?" त्यांच्यासाठी तो रकाना आला. ज्यांना सही येत नव्हती त्या आज्यांनी चौकोनात कुंकवाचं बोट टेकवलं. कार्डांचा गठ्ठा सोडला की ते लाल ठिपके आधी दिसायचे.

मैदानाची फेरी तिसरी-चौथीनं मोजली. गवंडीकाम करणाऱ्या एका पालकांनी लांब टेप दिला, आणि कडेनं फेरी १२० मीटर भरली. आठ फेऱ्या म्हणजे ९६० मीटर, जवळपास किलोमीटरच. ज्यांचं घर शाळेला लागून आहे त्यांनी मधल्या सुट्टीत या फेऱ्यांवर आपली मिनिटं भरली.

सगळ्यात जास्त काळजी रस्त्याची होती. ओढ्यापलीकडच्या वस्तीतून येताना मोठा रस्ता ओलांडावा लागतो, तिथं गाड्या सुसाट येतात. त्या वस्तीची मुलं एकत्र निघायची ठरलं. पुढे एक मोठं माणूस, मागे एक, आणि समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून चालायचं रस्त्याच्या उजव्या कडेनं. ओलांडायच्या जागी एक आजोबा लाल फडकं घेऊन उभे राहायचे. मंजुरीचं पत्र, पालकांची संमती ही कामं आठवड्यात उरकली. या रस्त्याच्या पाळ्या लावायला मात्र घरोघरी फिरावं लागलं.

बक्षिसांना मी ठाम नकार दिला. पहिल्या क्रमांकाला ढाल द्यायला एक जण तयार होते. त्यांना मी मुलांच्या पायांतल्या झिजलेल्या स्लीपर दाखवल्या. त्यांनी त्याच पैशांत बूट घेतले आणि बाईंनी ते कुणाचंही नाव न घेता मुलांपर्यंत पोचवले. महिनाभरात झालेलं हे काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

व्हरांड्यातल्या नकाशावर रोज सकाळी रेघ पुढे जायची. दिवे घाट आला त्या दिवशी पोरं दप्तर घेऊन गावाबाहेरची टेकडी चढली. सासवड आलं तेव्हा तर "आपलं गाव आलं" म्हणून ओरडा झाला. पालखीचं पहिलं उभं रिंगण तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब इथं होतं, म्हणून रेघ तिथं पोचल्यावर मैदानात मुलांनी रिंगण धरलं आणि आया भाकऱ्या बांधून बघायला आल्या. फलटण ते माळशिरस मध्ये चाल मंदावली, थंडीतापानं बरीच मुलं घरी होती. पंढरपूरच्या अलीकडच्या वाखरीला पोचलो तोवर डिसेंबरचा शेवटचा आठवडा लागला होता.

कार्डं संपली, पण ओढ्यापलीकडची वस्ती अजून एकत्र चालत येते. फाटकापाशी मोटारसायकली कमी झाल्यात, तरी मोठ्या रस्त्यावर आजोबांना रोज उभं राहावं लागतं आणि ते काही कायम चालायचं नाही. तिथं गतिरोधक आणि पांढरे पट्टे हवेत, असा अर्ज आम्ही ग्रामपंचायतीला दिला आहे. ज्या पालकांनी कार्डं भरली त्यांच्याच सह्या त्यावर आहेत, आणि पुढच्या ग्रामसभेत तो वाचायला मी आणि त्या वाटाणा तोडणाऱ्या मावशी जाणार आहोत.