हाड नसलेल्या डोक्याचा साचा

ऑर्थोटिक्स विभागात, म्हणजे शरीराला आधार देणारी साधनं मापानं बनवतात तिथे, प्लास्टर बँडेज रोज हाताखालून जातं. पाय, गुडघे, पाठी. डोक्याचा साचा मात्र क्वचितच घ्यावा लागतो.

त्या दिवशी समोर पंचविशीतला मुलगा बसला होता. दुचाकीवरून पडून डोक्यात रक्तस्राव झालेला, मेंदूला सूज आलेली. बंद कवटीत दाब फार वाढला तर जीव जाऊ शकतो, म्हणून अशा वेळी न्यूरोसर्जन कवटीचा मोठा तुकडा काढून ठेवतात. सूज उतरली, तब्येत सावरली की काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ते हाड परत बसवतात. मधल्या काळात तेवढ्या भागात मेंदूवर नुसतं आवरण आणि कातडी असते. या काळात वापरायचं हेल्मेट आम्ही मापानं करतो. दुकानातलं इथे चालत नाही, कारण ते नेमकं कुठे टेकेल याचा भरवसा नसतो. आमचं फक्त शाबूत हाडावर टेकतं.

आईनं त्याच्या डोक्यावरचा टॉवेल काढला. डावी बाजू कानशिलापासून वरपर्यंत आत गेलेली. "हाड कुठाय म्हाईत हाय का, ताई?" असं म्हणून तिनं त्याचा सदरा वर केला आणि पोटावरची टाक्यांची खूण दाखवली. काही ठिकाणी हाड डीप फ्रीजरमध्ये ठेवतात, काही सर्जन ते पोटाच्या कातडीखाली सांभाळतात. "त्याचं डोकं त्याच्याच पोटात ठेवलंय बघा."

डाव्या बाजूला मार लागल्यामुळे त्याची वाचा गेली होती. काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "हो". उजवा हातही लुळा. म्हणजे दुखलं, घाबरला, तरी तो 'हो'च म्हणणार. मी आईला त्याचा डावा हात धरायला सांगितला. "त्रास झाला की आईचा हात दाब." खात्री करायला त्याच्या खांद्याला हलका चिमटा काढला. त्यानं हात इतका जोरात दाबला की ती माउली हसली. मगच मी बँडेज फोडलं.

डोक्यावर स्टॉकिनेटची, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या विणलेल्या कापडाची टोपी चढवली. ओल्यात जांभळी उमटणाऱ्या कॉपिंग पेन्सिलनं भुवया, कान आणि हाड जिथे संपतं ती कड काढली. या रेघा ओल्या प्लास्टरच्या आतल्या बाजूला उमटतात. पुढचं सगळं काम त्यांच्यावर चालतं. कड शोधताना बोटाच्या टोकानं अगदी हलकं चाचपावं लागतं. बोटाखाली टणक हाड संपतं आणि मऊ लागतं. तिथे नाडीसारखी उडी जाणवते.

पाणी मुद्दाम कोमट घेतलं नाही, साधंच घेतलं. प्लास्टर घट्ट होताना तापतं, आणि इथे कातडीखाली हाड नव्हतं. थर पातळ ठेवले. साचा दोन भागांत घेतला: आधी मागचा, त्याच्या कडेला व्हॅसलिन लावून मग पुढचा. त्यामुळे डोक्यावर काही कापावं लागत नाही. अशा डोक्याजवळ मी कात्रीसुद्धा नेत नाही.

पुढचा भाग घट्ट होत असताना त्याला खोकला आला. माझा तळवा नेमका खळग्यावर होता. बसलेल्या माणसात ही जागा आत ओढली जाते. आडवं झालं, खोकला आला की वर येते. हे शिकताना वाचलेलं आणि पेशंटमध्ये पाहिलेलं होतं. पण तळव्याखाली ओल्या बँडेजसकट ती जागा उचलली गेली आणि पुन्हा खाली बसली, तेव्हा मी श्वास रोखून धरला होता. हात काढून घेतला असता तर साचा बिघडला असता, दाबून ठेवणं तर शक्यच नव्हतं. नुसता टेकवून ठेवला. आईकडे पाहिलं. "न्हाई दाबला त्यानं," ती म्हणाली.

दोन्ही भाग सुटे केले, जोडले, आत पातळ प्लास्टर ओतून मधोमध लोखंडी नळी उभी केली. दुसऱ्या दिवशी वरचं बँडेज सोललं. आतून त्याचं डोकं निघालं, खळग्यासकट, जांभळ्या रेघांसकट. मग मी तो खळगा प्लास्टरनं भरला. उजव्या बाजूच्या गोलाईशी ताडून पाहत भरला, आणि वर थोडा जास्तच ठेवला, म्हणजे खोकला आला तरी हेल्मेट आतून लागणार नाही. माझ्या मते सगळं काम या भरण्यात आहे. इथे कमी पडलं तर हेल्मेटच इजा करेल. त्यावर भट्टीत तापवलेली प्लास्टिकची शीट व्हॅक्यूमनं ओढली, आत मऊ फोम, वर हवेसाठी भोकं, हनुवटीखाली वेल्क्रोचा पट्टा.

ट्रायलला हेल्मेट घालून तो उठून उभा राहिला. मी त्याला खोकायला लावलं, वाकायला लावलं, काढून कातडी तपासली. लाल झाली होती ती शाबूत हाडावरच, तीही थोड्या वेळात ओसरली. चालताना घालायचंच, झोपताना काढायचं, त्या कुशीवर झोपवायचं नाही, असं सगळं समजावलं.

"रानात न्हेऊ का याला?" आईनं विचारलं.

"बांधावरून नको, मावशी. अंगणात फिरवा, कुणीतरी उजव्या बाजूला धरून. आणि सर्जनची तारीख चुकवू नका."