साडेतीन टक्क्यांसाठी अख्खं सेमिस्टर

एमएस्सीच्या प्रोजेक्टला क्वांटम डॉटचे (काही नॅनोमीटरच्या अर्धवाहक कणांचे) सोलर सेल घेतले तेव्हा सगळे म्हणाले, अरे काहीतरी सोप्पं घे. पण २०२३ चं केमिस्ट्रीचं नोबेल नुकतंच बवेंडी, ब्रुस आणि एकिमोव्हला याच डॉट्ससाठी मिळालेलं, त्यामुळे अंगात वारं भरलं होतं.

आयडिया भारीच आहे. लेड सल्फाइडचा नुसता खडा घेतला तर त्याचा बँडगॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) ०.४१ इलेक्ट्रॉन व्होल्ट, सोलर सेलला फारसा कामाचा नाही. त्याचाच तीनेक नॅनोमीटरचा कण केला की तो १.३ च्या आसपास जातो, आणि एका जंक्शनच्या (एकाच बँडगॅपच्या) सेलला उन्हाच्या ऊर्जेतले जास्तीत जास्त जे तेहेतीसेक टक्के विजेत बदलणं शक्य आहे ते तिथेच मिळतात. आता हे कागदावर बरं का.

डॉट बनवणं म्हणजे एका सेकंदाचा खेळ. लेड ऑक्साइड, ओलिइक ॲसिड आणि ऑक्टाडेसीन व्हॅक्यूममध्ये तापवायचं, पिवळी पूड विरघळून सगळं पाण्यासारखं नितळ झालं की सिरिंजने सल्फरवालं केमिकल एका दमात आत. लगेच काळपट तपकिरी! पहिल्या वेळी माझा हात थरथरला, इंजेक्शन हळू गेलं, कण लहानमोठे झाले आणि प्रकाश शोषण्याच्या ग्राफवर टोकदार शिखराच्या जागी नुसतं टेंगूळ. वास तर विचारूच नका, सडक्या अंड्यांचा, आई माझे कपडे वेगळे भिजवायची.

खरी परीक्षा पुढे. प्रत्येक डॉटभोवती ओलिइक ॲसिडचं लांबलचक वेष्टण असतं, ते नसेल तर डॉट एकमेकांना चिकटून बसतात, पण ते तसंच ठेवलं तर इलेक्ट्रॉन एका डॉटवरून दुसऱ्यावर जातच नाही. म्हणून काच गरगर फिरवून तिच्यावर डॉटचा पातळ थर पसरवायचा, वर टीबीएआयचं (हे मीठ लांब वेष्टणाच्या जागी छोटं आयोडाइड बसवतं) मेथॅनॉलमधलं द्रावण टाकायचं, तीस सेकंद थांबायचं, दोनदा धुवायचं, असं दहा वेळा, आणि शेवटचे दोन थर ईडीटी या दुसऱ्या छोट्या रेणूने. लिगंड (म्हणजे हे वेष्टण) बदलला की डॉटच्या ऊर्जेच्या पातळ्या सरकतात, त्यामुळे ते वरचे दोन थर इलेक्ट्रॉनला उलट्या बाजूला जाऊ देत नाहीत. ही युक्ती बवेंडींच्याच ग्रुपची, २०१४ मध्ये त्यांनी यावर ८.५५ टक्के काढले होते.

मी शहाणपणा केला. दहा पातळ थर कोण फिरवत बसणार, पाच जाड मारले. वेष्टण निघालं की थर आकसतो, जाड असेल तर उन्हाळ्यातल्या तळ्यासारखा तडकतो, आणि पातळ थरांत निदान पुढचा थर मागच्या भेगा बुजवतो. माझ्या भेगांतून वरच्या इलेक्ट्रोडचं सोनं थेट खाली उतरलं. सोलर सिम्युलेटरखाली (नकली ऊन पाडणाऱ्या दिव्याखाली) सेल ठेवला तर ग्राफवर सरळ रेघ, सगळे सहाच्या सहा शॉर्ट. सर काही बोलले नाहीत, नुसतं स्क्रीनकडे बघून चहाला गेले, ते जास्त लागलं.

मग मुकाट्याने दहा अधिक दोन. २.९ टक्के आले. कंटाळून सेल तसेच टेबलावर उघडे टाकून घरी गेलो, सकाळी सहज परत मोजले तर ३.६! रात्रभर हवा लागली की हे सेल सुधारतात हे पेपरमध्ये होतं, मीच नीट वाचलं नव्हतं.

सरांना फोन केला तर म्हणाले, आता तसेच अजून सहा बनवून दाखव.