ओल्नेचे हत्ती

आई मेमध्ये आमच्याकडे निओरला आली होती. पॅरिसमध्ये चार दिवस चालून तिचे गुडघे बोलायला लागले, म्हणून पुढच्या रविवारी लांब कुठे न जाता ओल्नेचं चर्च बघायचं ठरलं. गाडीने पाऊण तास.

फ्रान्समधल्या गावांत चर्च बहुतेक वेळा ऐन चौकात असतं. ओल्नेचं सेंट पीटर चर्च मात्र गावाबाहेर, जुन्या दफनभूमीत एकटंच उभं आहे. प्वातिएहून सेंतकडे जाणारा जुना रस्ता इथूनच जायचा. स्पेनमधल्या सांतियागोला पायी निघालेले यात्रेकरू याच वाटेने जात. आईला मी सांगितलं, की ही यांची वारी. ती म्हणाली, "मग मुक्कामाला पाण्याची सोय काय होती?" मला उत्तर देता आलं नाही.

चर्च १२व्या शतकातलं. पश्चिमेच्या दाराशेजारच्या एका कमानीत संत पीटर उलटा क्रुसावर आहे. ख्रिस्तासारखं मरण यायची आपली लायकी नाही, म्हणून त्याने स्वतःच डोकं खाली करून घ्यायला सांगितलं, अशी कथा आहे. आई चुकचुकली आणि "चल, आधी प्रदक्षिणा घालू" म्हणत सरळ डावीकडून निघाली. थडग्यांमधून, गवतातून. मागच्या बाजूच्या खिडकीभोवती वेली कोरल्यात आणि त्या वेलींमध्ये छोटी छोटी माणसं अडकलीत. तिथे ती बराच वेळ थांबली. गुडघे विसरली असावी.

प्रदक्षिणेमुळे दक्षिणेचं दार शेवटी आलं, ते बरंच झालं. एकात एक चार कमानी. बायबलमध्ये देवाच्या सिंहासनाभोवती २४ वडीलधारे बसलेले असतात. इथे ते ३१ आहेत! कमान लांब, दगड जास्त, मग कारागिराने सात म्हातारे वाढवले असतील, असा माझा अंदाज. सगळ्यांच्या हातात वाद्यं. त्यांच्या वरच्या कमानीत राक्षस आणि चित्रविचित्र प्राणी, आणि त्यांतच एक गाढव वाद्य वाजवत बसलंय. आमच्या ऑफिसमधल्या एका मीटिंगची आठवण झाली, पण ते असो.

खरी गंमत आत. दक्षिणेकडच्या बाजूला एका खांबाच्या माथ्यावर तीन हत्ती आहेत. सोंडा आहेत, पण बाकी अंगाने ते बैलाच्याच घरातले वाटतात. कोरणाऱ्याने आयुष्यात हत्ती पाहिला नसणार, आणि बघायला येणाऱ्या शेतकऱ्यांनी तर नाहीच. म्हणूनच की काय, वर लॅटिनमध्ये लिहून ठेवलंय: 'ही सुंत एलेफांतेस'. म्हणजे, हे हत्ती आहेत.

आईला अर्थ सांगितल्यावर ती तोंडाला पदर लावून हसली. आपल्याकडे देवळांच्या गजथरात ओळीने हत्ती असतात, वेरूळच्या कैलासाचं तर सगळं ओझंच त्यांच्या पाठीवर. पण खाली पाटी लावायची वेळ कुणावर आली नाही. मला मात्र त्या माणसाचं कौतुक वाटलं. ऐकीव हत्ती दगडात उतरवायचा, आणि मग शंका नको म्हणून नावही घालायचं.

१८४० साली फ्रान्सने जतन करायच्या वास्तूंची पहिली यादी केली, तिच्यात ओल्ने होतं. १९९८ पासून ते सांतियागोच्या वाटांबरोबर जागतिक वारशातही आहे. १९०५ च्या कायद्याने सरकार आणि चर्च वेगळे झाले, आणि अशी जुनी गावचर्चं ग्रामपंचायतीच्या मालकीची राहिली. म्हणजे कौलं फुटली की खर्चाची चिंता महापौराला. आईला हे फार पटलं. आमच्या गावच्या देवळाच्या पत्र्यावरून दोन भावक्यांत पंधरा वर्षं अबोला आहे.

गाडीत बसल्या बसल्या तिने हत्तींचा फोटो बहिणींच्या ग्रुपवर टाकला. धाकट्या मावशीचं लगेच उत्तर: "अगं ही डुकरं कुठली?"

आईने चष्मा लावला आणि एका बोटाने सावकाश टाइप केलं, "हे हत्ती आहेत."