बत्तीस पिना आणि एक जास्तीची

सोलापुरातल्या गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस, नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघालेले, घरात पाहुण्यांची गर्दी आणि मी वरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन एका पिनच्या मागे लागलेलो. ३२ बिटची बस, म्हणजे ३२ वायरींचा जुडगा, पिना पाहिजेत ३२, निघाल्या ३३. जेवायला हाक मारायला आलेले वडील म्हणले, "आडुसष्ट लिंगं लोक पायी फिरून बरोबर मोजतात की, तुला बत्तीस जमंना?"

माझं काम चिपच्या लेआउटचं, म्हणजे चिपवर काय कुठं बसणार त्याचा नकाशा काढायचं. पिन म्हणजे ब्लॉकच्या कडेला मेटलचा छोटा चौकोन आणि त्यावर नावाचं लेबल. चार-पाच असल्या तर हातानं टाकतो, पण डी<०> ते डी<३१> अशा बत्तीस म्हटलं की डी<१७> दोनदा पडतं आणि डी<१८> राहूनच जातं, झालंय माझ्याकडून. म्हणून कॅडेन्स या चिप डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या स्किल भाषेत लूप, म्हणजे तेच काम परत परत करणारा कोड, लिहायला घेतला.

पहिल्याच ओळीत आपटलो. डी, कंस आणि लूपचा आय (कितवी फेरी तो आकडा) असं सगळं स्ट्रकॅट या तुकडे जोडणाऱ्या फंक्शनला दिलं तर एरर, कारण आय हा आकडा आणि स्ट्रकॅटला स्ट्रिंगच, म्हणजे मजकूरच पाहिजे, आकड्याची स्ट्रिंग ते स्वतः करून घेत नाही. तिथं एसप्रिंटएफ वापरायचं. त्याला पहिलं निल द्यायचं, मग साचा, डी< परसेंट डी >, आणि शेवटी आय, तो परसेंट डीच्या जागी बसतो. तयार नाव सरळ परत मिळतं.

आता ती तेहतिसावी. माझा हात पायथॉनवर बसलेला, तिथं रेंजला ३२ दिलं की गाडी ३१ वरच थांबते. स्किलचा फॉर दोन्ही टोकं धरतो, शून्य ते ३२ लिहिलं की ३३ फेऱ्या. स्कीमॅटिकमध्ये, म्हणजे सर्किटच्या मूळ आकृतीत डी<३२> नाहीच, मग लेआउट त्या आकृतीशी ताडून बघणारा एलव्हीएस बोंबलणारच ना.

मध्ये एक शहाणपणा पण केला होता. पिनांच्या लिस्टमध्ये १ नंतर १० आणि मग २ येतं ते डोळ्याला खुपायचं म्हणून डी<०१> अशी नावं पाडली. लिस्ट एकदम सरळ झाली, पण स्कीमॅटिकमध्ये डी<१> आहे. आपल्याला दोन्ही एकच वाटतात, टूलला नाही. शून्य काढून टाकला.

एवढं झाल्यावर एलव्हीएस क्लीन! खाली जाऊन कडक भाकरी आणि शेंगाचटणी हाणली.

दोन दिवसांनी सगळे ब्लॉक जोडून टॉप लेव्हल करणाऱ्या पोराचा पुण्याहून फोन, "अरे तुझा शून्य डावीकडं, शेजारच्या ब्लॉकचा उजवीकडं, आता बत्तीस वायरींची वेणी घालू का?" खरंच की. मी एक्स, म्हणजे पिनची आडवी जागा, आय गुणिले पिच (दोन पिनांमधलं अंतर) एवढंच लिहिलेलं, त्यामुळं शून्य डाव्या टोकाला बसला आणि शेजाऱ्याचा तिथं ३१. एलव्हीएस बघतो कोण कुणाला जोडलंय, कोण कुठं बसलंय याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, म्हणून तो गप्प. नावाला हात लावला नाही, फक्त जागेच्या हिशोबात आयच्या ऐवजी ३१ वजा आय केलं आणि परत चालवलं. मिनिटाभराचं काम, फक्त ते आधी विचारलं असतं तर त्या पोराची अर्धी दुपार वाचली असती.

आता नवीन ब्लॉक आला की कोड उघडायच्या आधी त्याला मेसेज टाकतो, शून्य कुठल्या बाजूला? काल रिप्लाय आला, "खाली." म्हणजे या वेळी पिना उभ्या कडेला, एक्सच्या जागी वाय, परत बसा.