पाच वॅटचा अँप आणि वरच्या काकांचा पंप

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका एकदा दार वाजवून म्हणाले, "खालचा पंप तुम्ही चालू केलाय का? अर्धा तास झाला घूंऽऽ चाललंय." पंप बंद होता. घूं करत होता तो माझा गिटारचा अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, आणि मी तर वाजवतही नव्हतो, अँप गरम व्हायला ठेवून स्वयंपाकघरात चहा टाकत होतो. नारायण पेठेतली जुनी बिल्डिंग, लाकडी तुळया, त्यामुळे आवाज वरपर्यंत जातो हे मान्य, पण पाच वॅटच्या डब्याला लोक पाण्याचा पंप समजायला लागले म्हणजे काहीतरी करायलाच हवं होतं.

अँप कोथरूडच्या एका मुलाकडून सेकंडहँड घेतलेला. कंपनीचं नाव सांगत नाही, स्वस्तातले छोटे ट्यूब अँप (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या ट्यूब, म्हणजेच व्हॉल्व्ह, असलेले) आतून बरेचसे सारखेच असतात. पुढे एक १२एएक्स७ (गिटारचा बारीक सिग्नल वाढवणारी ट्यूब, एकाच काचेत दोन स्टेज), मागे एक ईएल८४ (स्पीकरला ताकद देणारी), आठ इंची स्पीकर आणि पुढच्या पट्टीवर एकच नॉब, व्हॉल्यूम. ट्रेबल नाही, बेस नाही, काही नाही. ईएल८४ म्हणजे तीच व्हॉल्व्ह जी व्हॉक्स एसी३० या नावाजलेल्या गिटार अँपमध्ये चार-चार लावलेल्या असतात, आणि आपल्याकडे जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतही असायची, बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने पूर्वी बनवलेल्या अजून कुठे कुठे सापडतात. म्हणजे मूळ माल चांगला. पण ब्रिज पिकअपवर (पिकअप म्हणजे तारांची थरथर पकडणारं चुंबक-कॉइल, हे ब्रिजजवळचं) आवाज पत्र्यासारखा, नेक पिकअपवर (गिटारच्या मानेजवळच्या) गेलं की नुसता चिखल, आणि या सगळ्याखाली तो पंप.

पुढचं सांगायच्या आधी एक गोष्ट, आणि ही कृपा करून वाचा. ट्यूब अँपच्या आत ३०० व्होल्टच्या वर डीसी असतं. प्लग काढला तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये (डीसी सपाट करणारे) ते साठून राहतं, कधीकधी बराच वेळ. मी १०० किलोओहमचा २ वॅटचा रेझिस्टर दोन इन्शुलेटेड क्लिपांना लावून ठेवलाय, प्लग काढायचा, तो कपॅसिटरवर लावून मिनिटभर थांबायचं, मग मल्टीमीटरने बघायचं, आणि शून्याच्या आसपास दिसल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. चालू अँपवर मोजताना डावा हात खिशात. आणि स्पीकर काढून अँप कधीही चालवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूब आणि स्पीकरच्या मधला) जातो, आणि तो या सगळ्यातला महागातला भाग. ज्याला हे वाचून पोटात गोळा आला त्याने हे करू नये, खरंच.

तर घूं. यात मला एक मस्त गोष्ट कळली ती म्हणजे घूं कुठून येतोय ते गिटारनेच शोधता येतं. आपल्याकडे लाईट ५० हर्ट्झची, आणि रेक्टिफायरमधून (एसीचं डीसी करणारा भाग) गेल्यावर तिचं १०० हर्ट्झ होतं. लो ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जो जी वाजतो तो ९८ हर्ट्झचा. म्हणजे घूं त्या जी च्या अगदी शेजारी बसत असेल तर फिल्टर कपॅसिटर बघा, आणि त्याच्याही एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्झ, म्हणजे हीटरच्या (ट्यूब आतून तापवणारी तार) वायरी नाहीतर अर्थिंग. (अमेरिकेत ६० हर्ट्झ असल्यामुळे तिकडच्या लोकांचा घूं वेगळ्या पट्टीत असतो, तिकडचे व्हिडिओ बघून सूर लावायला गेलं की फसायला होतं, मी फसलो.) दुसरी खूण व्हॉल्यूमची. नॉब शून्यावर नेला आणि घूं गेला तर गडबड व्हॉल्यूमच्या आधी, नाही गेला तर नंतर. माझ्याकडे दोन्ही होते, शंभरवाला बारीक आणि पन्नासवाला दणदणीत, आणि नॉब शून्यावर नेला तरी ढिम्म.

मग मी काय केलं, सरळ इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली गाठली. शनिवारी संध्याकाळी जाऊ नये हे पुण्यात जन्म काढूनही मला कळलेलं नाही, गाडी लावायला जागा मिळेपर्यंत निम्मी दुकानं आवरायला लागली होती. तिथल्या एका काकांना म्हटलं फिल्टर कपॅसिटर हवेत, ते म्हणाले "कंडेन्सर बोला ना, किती मायक्रो?" ४७ मायक्रो ४५० व्होल्टचे घेतले, मूळचे २२ चे होते. घरी येऊन बदलले, पोलॅरिटी तीनदा बघून. हीटरसाठी १०० ओहमचे दोन रेझिस्टर, हीटरच्या दोन्ही वायरींपासून एकेक, आणि जिथे ते एकमेकांना मिळतात तो बिंदू ग्राउंडऐवजी ईएल८४ च्या कॅथोडला (ट्यूबमधलं इलेक्ट्रॉन सोडणारं टोक) जोडला, तिथे दहाएक व्होल्ट डीसी असतं त्यामुळे हीटर थोडा वर उचलला जातो आणि त्याचा घूं कॅथोडमध्ये कमी शिरतो. वायरी एकमेकींना पीळ घालून कोपऱ्यातून नेल्या. चालू केलं. शंभरवाला गेला. पन्नासवाला कमी झाला पण होताच, बसल्या जागेवरून माझ्याकडे बघून हसत होता.

दोन आठवडे मी ग्राउंडच्या वायरी इकडच्या तिकडे केल्या, सगळ्या एका बिंदूवर आणल्या, एक ट्यूब बदलली, काही नाही. मग एका गुरुवारी लाईट गेलेली होती आणि परत आली तरी आमच्या खोलीत येईना म्हणून वायरमनला बोलावलं, तो बोर्ड उघडून म्हणाला, "साहेब, ह्या सॉकेटला अर्थिंगच नाहीये. भोक आहे नुसतं शोभेला." वरचं मोठं भोक, मागे वायरच नाही! म्हणजे इतके दिवस अँपची पत्र्याची चेसिस आणि तिच्याशी जोडलेल्या माझ्या गिटारच्या तारा हवेत लटकत होत्या, आणि पावसाळ्यात तारांना हात लावला की मुंग्या येतात ते मी "ट्यूब अँपचा फील" समजत होतो. नवीन वायर ओढून घेतली, पन्नासवाला घूं जवळजवळ संपला. अँप उघडण्याच्या आधी बोर्ड उघडायला हवा होता. तुमची बिल्डिंग जुनी असेल तर आजच बघून घ्या, अँप नसला तरी.

आता आवाज. इथे मी आधी सगळं उलटं केलं. मला वाटायचं छोट्या अँपला गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) कमी पडतो, म्हणून गेन वाढवू, बेस कमी पडतो म्हणून बेस वाढवू. पहिल्या ट्यूबच्या कॅथोडला दीड किलोओहमच्या रेझिस्टरवर २२ मायक्रोचा कपॅसिटर होता, तो मी उत्साहाने १०० मायक्रोचा केला. फरक शून्य, आणि गणित केल्यावर कळलं का शून्य. २२ मायक्रो आणि दीड किलोओहम म्हणजे पाच हर्ट्झच्या जवळपास कटऑफ (ज्याच्या खालचे स्वर कमी व्हायला लागतात तो आकडा), आणि गिटारची सगळ्यात खालची तार ८२ हर्ट्झ. म्हणजे आधीच खालचं सगळं पूर्ण ताकदीने आत येत होतं, इतकं की पुढच्या ट्यूबचं पोट त्यानेच भरायचं आणि कॉर्ड मारली की भसाभस.

मग उलटा निघालो. त्या जागी १ मायक्रो लावला. मार्शल कंपनीच्या जुन्या अँपच्या सर्किटमध्ये ०.६८ मायक्रो असतो, तोही लावून बघितला, तो दोन कॉइलवाल्या हंबकर पिकअपला भारी आहे पण माझ्या सिंगल कॉइल पिकअपला जरा कोरडा वाटला. १ मायक्रोवर मात्र एकदम कोणीतरी खिडकी उघडल्यासारखं झालं, खालच्या तारा वेगवेगळ्या ऐकू यायला लागल्या. दुसऱ्या स्टेजचा कॅथोड कपॅसिटर तर काढूनच टाकला, नवीन काही लावलंच नाही. गेन उतरला, आणि नॉब जो आधी तीनवर फाटायचा तो आता सहापर्यंत हळूहळू चढतो, बोटाने हलकं वाजवलं की साफ आणि जोरात वाजवलं की किंचित करकरीत, ज्याच्यासाठी माणूस ट्यूब अँप घेतो ते.

ईएल८४ च्या आधीचा कपलिंग कपॅसिटर (सिग्नल पुढे नेणारा, डीसी अडवणारा) २२ नॅनोचा होता. पुढे २२० किलोओहम, म्हणजे कटऑफ ३३ हर्ट्झ. दुकानात "दोन-दोन-तीन, सहाशेतीस व्होल्ट" म्हटलं की हाच मिळतो, वर २२३ छापलेलं असतं. मी ४७२ घेतला, ४.७ नॅनो, कटऑफ थेट १५४, आणि अँप डब्यात बसून बोलायला लागला. शेवटी १०३, म्हणजे १० नॅनो, ७२ हर्ट्झ, आणि तिथे मी थांबलो. या तिन्ही कपॅसिटरची मिळून किंमत त्या दिवशी खाल्लेल्या मिसळीपेक्षा कमी होती. नेटवर लोक याच जागी तेलातले कपॅसिटर हजारोंना घेतात, घेवोत बापडे, पण व्हॅल्यू चुकीची असेल तर सोन्याचा कपॅसिटर पण चिखलच वाजवणार.

एक सवय मात्र कामाला आली. दर बदलाआधी आणि नंतर तेच आठ बार, तीच गिटार, नॉबवर खडूची खूण, फोन त्याच स्टुलावर, रेकॉर्डिंग करायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकायचं. सोल्डरिंग करून उठल्या उठल्या प्रत्येक बदल भारीच वाटतो, दोन तास वाकून बसलेल्या माणसाला वाटणारच. माझे निम्मे बदल सकाळी उठून मीच परत काढलेत. महागड्या १२एएक्स७ चं पण तेच, रात्री स्वर्ग, सकाळी ओळखू येईना कुठली कुठली. त्याऐवजी ५७५१ (त्याच जागी बसणारी दुसरी ट्यूब) लावली तेव्हा खरा फरक पडला, तिचा अँप्लिफिकेशन फॅक्टर १०० ऐवजी ७०. परत कमीच.

बायस, म्हणजे काही न वाजवता ट्यूबमधून किती करंट वाहतो ते, कोणी बघत नाही आणि इथे तर मला धक्काच बसला. ईएल८४ च्या कॅथोडला १८० ओहम, त्यावर मोजले ९.७ व्होल्ट, म्हणजे ५४ मिलिअँप. त्यातले पाचेक स्क्रीनचे (ट्यूबमधली एक जाळी) सोडले आणि प्लेट (इलेक्ट्रॉन जिथे पोचतात ते टोक) ते कॅथोड २९३ व्होल्ट धरले तर प्लेटवर १४ वॅटच्या वर जातंय, आणि ईएल८४ ची मर्यादा १२ वॅट. म्हणजे बिचारी पहिल्या दिवसापासून भट्टीत बसलेली. २७० ओहमचा पाच वॅटचा सिमेंट रेझिस्टर टाकला, ११.२ व्होल्ट, ४१ मिलिअँप, साधारण ११ वॅट. आवाजात फरक थोडाच, जरा घट्ट झाला, पण आता पाठीमागच्या जाळीवर हात ठेवता येतो.

आणि मग स्पीकर. हे सगळ्यात आधी करायला हवं होतं म्हणून सगळ्यात शेवटी केलं. रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारताना बारा इंची, आठ ओहमचा एक स्पीकर दिसला, कोन शाबूत, धूळ बोटभर, भाव करून निम्म्यावर आणला. मित्राकडचा आठ ओहमचाच बारा इंची गिटार स्पीकर पण तुलनेला आणला. प्लायवूडचं खोकं ओळखीच्या सुताराकडून, मागून अर्धं उघडं. जुन्या बाजारवाला गाण्यांना ठीक, गिटारला मेलेला. मित्राचा लावला आणि मी पाच मिनिटं नुसता जी कॉर्ड मारत बसलो. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॅटमध्ये तो किती मोठा वाजतो ते) तीन डेसिबलने वाढली तर ते वॅट दुप्पट केल्यासारखं असतं, सहाने वाढली तर चौपट, आणि जुन्या आठ इंचीपेक्षा हा इतका मोठा वाजला की मला दारं लावून घ्यावी लागली. तो स्पीकर मित्राला अजून परत गेलेला नाही, त्या बदल्यात माझा एक पेडल त्याच्याकडे आहे, हिशोब चालू आहे.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदलायचा विचार अजून डोक्यात आहे. वाइंडिंग करून देणारे एकजण सापडलेत, त्यांना सिंगल-एंडेड (आउटपुटला एकच ट्यूब) म्हणजे प्रायमरीमधून सतत डीसी जाणार, म्हणून कोअरमध्ये गॅप ठेवावी लागते हे सांगितलं तर ते म्हणाले "गॅप कशाला, आम्ही पट्ट्या एकदम टाइट बसवतो." म्हणून तूर्तास थांबलोय.

परवा संध्याकाळी, एक ते चारची वेळ टळल्यावर, साडेपाचला वाजवत बसलो होतो, नॉब पाचवर. बेल वाजली. वरचे काका. मी दार उघडायच्या आधीच नॉब खाली केला आणि तोंडावर माफीचा भाव आणून उभा राहिलो. काका म्हणाले, "वाजव तू, चांगलं चाललंय, पण तुझ्या त्या डब्याचा घूं परत सुरू झालाय बघ." मी कान दिला. घूं होता खरा. अँपचा प्लग काढला, तरी होताच. चपला घालून दोघं खाली गेलो, पंप चालू राहिला होता आणि टाकी भरून पाणी जिन्यावरून वाहत होतं.