तुम्ही विचारलंत म्हणून: फोटो चिकटवून का देत नाही?

पावसाळा लागला की मला फोन यायला लागतात. फ्रेममधला फोटो फुगलाय, मधोमध लाट आलीय, भावाने दुसरीकडून करून घेतला तो मात्र आरशासारखा सपाट आहे. आणि मग ठरलेला प्रश्न: तुम्ही फोटो बोर्डावर चिकटवूनच का देत नाही? गिऱ्हाईक उभं असताना याचं उत्तर मला कधी धड देता आलेलं नाही. कंजूसपणा, हट्ट, जुनाट पद्धत असं बरंच ऐकून घेतलंय. आज सविस्तर सांगतो.

कागद हवेतली ओल पितो. लॅबमधून येणाऱ्या प्रिंटला दोन्ही अंगांनी प्लास्टिकचा पातळ थर असतो, तरी कडांमधून ओल आत शिरतेच, आणि पुढचा जिलेटिनचा थर तर फुगायलाच बसलेला असतो. पावसाळ्यात प्रिंट पसरते, उन्हाळ्यात आक्रसते. चारही कडांना टेप मारून तिला जखडलं, तर पसरायला जागा उरत नाही आणि ती मधे उचलली जाते. म्हणून मी प्रिंट फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी अडकवतो. जपानी कागदाच्या छोट्या पट्ट्या, आणि चिकटवायला गव्हाचं स्टार्च. कुरडयांसाठी गहू भिजवून चीक काढतात ना, जवळपास तीच वस्तू. शिजवून, गाळून, अगदी पातळ लावायची. त्यावर आम्लमुक्त माउंट, म्हणजे मधे खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, बसतो. तो प्रिंटला हलकं दाबून धरतो आणि काचेपासून लांब ठेवतो. खालच्या आणि बाजूच्या कडा मोकळ्या.

एवढं करूनही जुलैत थोडी लाट येते. हे मी नाकारत नाही. तिरक्या उजेडात दिसते, ग्लॉसी कागदावर जास्त दिसते. नोव्हेंबरात प्रिंट पुन्हा बसते, पण पैसे मोजलेल्या माणसाला नोव्हेंबरपर्यंत थांबा म्हणताना मलाही बरं वाटत नाही. चिकाला कसर लागू शकते, हेही खरं. म्हणून तर तो नखाएवढ्याच जागेत लावायचा.

चिकटवण्याचेही सगळे प्रकार सारखे नाहीत. फेव्हिकॉलमध्ये पाणी असतं; कागद आधी फुगतो, वाळताना आक्रसतो आणि पातळ बोर्डाला आपल्याकडे ओढून वाकवतो. सनबोर्डावर, म्हणजे हलक्या फोमच्या शीटवर, दोन्ही बाजूंनी चिकटणारी डबल गमची फिल्म रोलरने दाबून बसवतात, ते पहिल्या दिवशी सुरेख दिसतं. स्वस्त गम असला तर काही उन्हाळ्यांनी कोपऱ्यात फुगे धरतात. एमडीएफ म्हणजे लाकडाचा भुसा गोंदात दाबून केलेला बोर्ड; त्यातून फॉर्माल्डिहाइड आणि आम्लाची वाफ निघत राहते, आणि बंद फ्रेममध्ये ती जाणार कुठे? ड्राय माउंटची गोष्ट वेगळी. प्रिंट आणि बोर्ड यांच्यामध्ये उष्णतेने चिकटणारा खास टिश्यू घालून गरम प्रेसखाली दाबायचं, साधारण 80 ते 90 अंशांवर, कारण प्लास्टिकच्या थराला त्याहून फार उष्णता सोसत नाही. मी बरीच वर्षं हे काम केलंय आणि गिऱ्हाइकांना ठासून सांगितलंय की याच्यासारखं दुसरं काही नाही. आजही त्या काळातल्या मला पूर्ण खोडून काढता येत नाही. चांगला टिश्यू मागच्या बोर्डाचा त्रास प्रिंटपर्यंत पोचू देत नाही, आणि सपाटपणा तर विचारूच नका. शिवाय तेव्हा माझा एक हुकमी मुद्दा होता: डिजिटल फोटो आहे, फाइल आहे, खराब झाला तर दुसरा काढू.

हा मुद्दा 2019 च्या ऑगस्टपर्यंत मला बिनतोड वाटायचा.

सांगलीकरांना त्या पुराबद्दल मी काय सांगणार! आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती. पाणी ओसरल्यावर गावभागातल्या एक काकू चादरीत गुंडाळून एक फ्रेम घेऊन आल्या. त्यांच्या यजमानांचा फोटो. नातवाने मोबाइलवर काढलेला, ओसरीत बसून हसतानाचा. ते गेल्यावर मोठा करून कुणाकडून तरी एमडीएफवर चिकटवून घेतलेला. माउंट नव्हता, काच थेट फोटोवर. फ्रेम पाण्यात होती. काकूंनी ती बाहेर काढली आणि जे कुणीही मायेने करेल तेच केलं, उन्हात ठेवली.

भिजलेलं जिलेटिन मऊ, चिकट होतं. काचेला टेकलेलं असतानाच ते वाळलं की काच सोडत नाही. ओलं असतानाच फ्रेम माझ्याकडे आली असती, तर स्वच्छ गार पाण्यात ठेवून काच सोडवायचा प्रयत्न तरी करता आला असता. आता पुढून काचेने धरलेलं आणि मागून बोर्डाने. एमडीएफ फुगून कडेला पावासारखा फुटला होता आणि त्यात काळी बुरशी धरायला लागली होती. तसाच ठेवला असता तर बुरशी पुढे सरकली असती. काच खाली घेऊन मी मागून बोर्ड खरवडायला बसलो. आधी पटाशीने जाड पापुद्रे, मग चपट्या बोथट पात्याने भुसा. शेवटी गमाचा थर लागला. तो मात्र बोर्डाला आणि प्रिंटला सारखाच घट्ट. एका कोपऱ्यात थोडा जोर पडला की प्रिंटचा पाठचा थर त्याच्याबरोबर उचलला जाई, म्हणून तिथेच थांबलो. काचेतून पाहिलं तर कपाळ, डोळे, हसू जागेवर होतं. डाव्या गालापासून खांद्यापर्यंत रंग वाहून पिवळट-किरमिजी डाग झाला होता. अशा वेळी काच काढायच्या फंदात न पडता काचेसकट स्कॅन करणं हाच शहाणपणा. तसंच केलं.

मी काकूंना म्हणालो, फाइल द्या, नवा फोटो काढू. घरातला संगणक त्याच पाण्यात होता. नातवाचा तो मोबाइल केव्हाच बदललेला. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅपवर एक प्रत सापडली, ती इतकी दबलेली की पोस्टकार्डाहून मोठी केली की चेहऱ्याचे चौकोन दिसायचे. स्कॅन आणि ती प्रत जोडून जे झालं ते काकू घेऊन गेल्या. त्यांनी तक्रार केली नाही. मला मात्र तो गाल माझ्या मनासारखा करता आला नाही.

त्याच चादरीत दुसरी एक फ्रेमही होती, लग्नातला जुना कृष्णधवल फोटो, माउंट लावलेला, वरच्या कडेला खळीने अडकवलेला. पाण्यात खळ आपोआप सुटली होती. फोटो माउंटच्या मागे ओलसरच होता, काचेला लागलेला नव्हता. धुतला, तोंड वर करून कापडावर वाळवला. कडेला एक डाग राहिला.

यावर मला सांगितलं जातं की पूर काही रोज येत नाही. बरोबर आहे. पण भिंतीची ओल रोजची आहे, पाझरणारी गच्ची आहे, फुटणारी काच आहे. त्या वेळी फोटो फ्रेममधून सुटा बाहेर काढता येतो की नाही, एवढंच मी बघतो.

आता माझ्या विरोधातलंही सांगतो. जर्मन छायाचित्रकार आंद्रेआस गुर्स्कीचा ‘राईन 2’ हा 1999 चा फोटो 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 43 लाख डॉलरला गेला. तो साडेतीन मीटरांहून रुंद आहे आणि तोंडाकडून अॅक्रिलिकला कायमचा चिकटवलेला आहे. एवढी मोठी प्रिंट दोन पट्ट्यांवर टांगणं शक्यच नाही. माझ्याकडेही 24 बाय 36 इंचांची ग्लॉसी प्रिंट आली की पट्ट्या पुऱ्या पडत नाहीत, पोट सुटतंच. ती मी चिकटवतो, अॅल्युमिनियमच्या कंपोझिट शीटवर. मग लहान फोटोला हा नियम का, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मोठी प्रिंट बहुतेक दिवाणखान्याच्या शोभेसाठी असते, लहान फोटो माणसांचे असतात, असं मी मनाशी म्हणतो. पण माणसांचेही मोठे फोटो येतातच.

तेव्हा, चिकटवूनच हवा असेल तर मी चिकटवून देईन, भांडणार नाही. फक्त त्याच वेळी दुसरी प्रिंट काढून घ्या. इंकजेटची असेल तर ती एक दिवस उघडी वाळू द्या, नाहीतर शाईतले द्रव नंतर काचेवर धुकं धरतात. ही दुसरी प्रिंट चिकट पानांच्या अल्बममध्ये घालू नका. आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात, आडवी, बाहेरच्या भिंतीला न लागणाऱ्या कपाटात, वरच्या कप्प्यात ठेवा. पाकिटावर पेन्सिलीने नाव आणि साल लिहा, आणि लिहून झाल्यावरच फोटो आत घाला, नाहीतर टोकाचा वळ पुढच्या बाजूला उमटतो.