एक क्विंटल आठ किलो

मागच्या वर्षी दिवाळीनंतर खेडा खरेदीवाला आमच्या ओट्यासमोर काटा लावून बसला होता. कापसाची गाठोडी मोजून झाली आणि मी सहज काट्यावर उभा राहिलो. आकडा पाहून तो म्हणाला, "भाऊ, एक क्विंटल आठ किलो! लावू का भाव?" सगळे हसले, मीही हसलो. पण गुडघे वर्षभरापासून कुरकुरत होते, आणि त्याच महिन्यात तीन महिन्यांच्या सरासरीची साखर ६.१ निघाली होती. ६.५ पासून मधुमेह धरतात. म्हणजे मी उंबरठ्यावरच.

घोळ झाला तो उंचीचा. तालुक्याच्या एका दवाखान्यात भिंतीवर चिकटवलेली पट्टी सहा फुटांवर संपत होती आणि माझं डोकं तिच्या बरंच वर. बाईंनी एकदा वर पाहिलं, कागदावर '१८३' लिहिलं आणि विषय संपवला. त्या उंचीवर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३२ आला. "७७ च्या आत या," असं सांगितलं. मी बारावीत ७७ किलोचा होतो, आणि तेव्हा गावातली पोरं मला बल्ली म्हणायची.

तरी लागलो. मोबाइलवरून १२०० कॅलरीचा तक्ता काढला. भाकरी बंद, रात्री काकडी आणि ताक. मे महिन्यापर्यंत ८८ वर आलो. त्याच महिन्यात डीएपी खताचं ५० किलोचं पोतं बंडीतून उतरवताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पोत्यासकट खाली बसलो. माय धावत आली. "काऊन रे बापा, इतका वाळला? साखर लागली का तुले?" गावात बारीक होणं म्हणजे दुखणंच. त्या दिवसापासून माझ्या ताटात तूप वाढलं जाऊ लागलं, आणि मीही नाही म्हटलं नाही. पोळ्यापर्यंत पुन्हा ९८.

पोळ्याला भाचा आला. तो अमरावतीला फार्मसी शिकतो. माझी फाईल चाळताना म्हणाला, "मामा, तुम्ही १८३ कसे? दाराची चौकट तर तुमच्या कपाळाले लागते." मग मोजणी झाली. अनवाणी पाय, टाचा भिंतीला, नजर समोर, डोक्यावर पाट आडवा धरून पेन्सिलची खूण आणि सुताराचा टेप. १९१ भरले! आठ सेंटिमीटर त्या पट्टीनं खाल्ले होते. बीएमआयमध्ये वजनाला उंचीच्या वर्गानं भागतात, त्यामुळे आठ सेंटिमीटरचा फरक लहान नाही. २३ ची रेघ धरली तर १८३ ला ७७ किलो येतात, १९१ ला ८४.

ही २३ ची रेघ आपल्या लोकांसाठी. भारतीयांना कमी वजनातच पोट सुटतं आणि साखर धरते, म्हणून २५ ऐवजी २३ पासूनच जास्त वजन मानतात. उंच आहे म्हणून काहीही चालतं असं नाही, हे मलाही ऐकून घ्यावं लागलं. पण हे सूत्र मुळात बेल्जियमच्या केटले नावाच्या गणितज्ञाचं, १८३० च्या दशकातलं. ते त्यानं सरासरी माणूस शोधायला काढलं होतं. उंच माणसाला ते जरा जास्तच जाड ठरवतं. तेव्हा ऑक्सफर्डला असलेले गणितज्ञ निक ट्रेफेथेन यांनी २०१३ मध्ये सुचवलं की उंचीचा घात दोनऐवजी अडीच धरा आणि वजनाला १.३ नं गुणा. दवाखान्यात कोणी ते वापरत नाही, पण भाच्यानं हिशेब केला तर २३ लाच माझे ८९ आले.

आकड्यांपेक्षा मला टेपची गोष्ट पटली. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. माझी मर्यादा साडेपंच्याण्णव. आधी १०९ होती, त्या दिवशी १०१.

मग लक्ष्य ठरवलं ९२ च्या आसपास, आणि तेही वर्षभरात. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी मान डोलावली. म्हणाले, १०८ चे दहा टक्के कमी झाले तरी साखरेला फरक पडतो. १२०० च्या तक्त्यावर ते हसलेच. मोठ्या देहाला नुसतं बसून राहायलाही जास्त लागतं, त्यात माझं काम शेतातलं.

आता दोन भाकरी, तुरीचं घट्ट वरण, सकाळी दोन अंडी. वावरात पायी जातो, गाडी घरी. भंडाऱ्यात रोडगे दिसले की अवघड जातं. तिथे एक घेतो आणि उठतो. वाढपी रागावतात, रागावू दे.

परवा पुन्हा काटा लागला. साखर ५.६, कंबर ९६, म्हणजे अजून अर्धा सेंटिमीटर बाकी. उभा राहिलो तर ९३. काटेवाल्यानं वहीत मागचा आकडा असल्यासारखं पान उलटलं आणि म्हणाला, "पंधरा किलोची घट! भाऊ, मागच्या खेपेले माल ओला होता काय?"